शेजारचं रान आपल्या वाडीत शिरू नये म्हणून



वैशाखात कंबर मोडेस्तोवर खपून तुम्ही वाडी साफ केलीत. मिरची, वांगी, दोडक्याचे वाफे आखलेत. दोन पाऊस पडले आणि बघता तर काय, बांधालगतचे वाफे हिरवेगार! पण ते हिरवेपण मिरचीचं नव्हे, हरळीचं. पलीकडे शेजाऱ्याच्या रानात तर कंबरभर माजलेलं. तुम्ही इकडे उपटताय आणि ते तिकडून येतंय. अशा वेळी राग येतो, तोंडातून चार शब्द जातात, आणि गवतावरून सुरू झालेलं भांडण बांधावर जाऊन पोहोचतं.

पनवेल तालुक्यात ही गोष्ट आता जास्तच जाणवते. पूर्वी बांधाच्या पलीकडेही शेतकरीच असायचा. दोघांची नांगरट, राब, लावणी एकाच सुमारास व्हायची. त्यामुळे रान आपोआप आवरलं जायचं. १९७० साली सिडको स्थापन झाली, शहर वाढत आलं, जमिनी हातोहात गेल्या. आज तुमच्या बांधापलीकडे कुणाचा मोकळा प्लॉट असेल, कुणाचं फार्महाऊस असेल, तर कुणाची कित्येक वर्षं नांगर न लागलेली जमीन. मालक मुंबईला. त्याला तुमच्या वाफ्याची काळजी कुठून असणार? म्हणून आपली वाडी आपणच राखायची. ती कशी, ते या पत्रिकेत पाहू.

आधी वाट ओळखा

चोराला पकडायचं तर तो कुठल्या वाटेने येतो ते आधी कळायला हवं. झाडाचंही तसंच आहे. शेजारचं रान आपल्याकडे पाच वाटांनी येतं :

१. जमिनीखालून किंवा जमिनीवर सरपटत : हरळी, लव्हाळा, वेडेलिया, बांबू.
२. वाऱ्यावर उडून : रानमोडी.
३. पाखरांच्या पोटातून : घाणेरी.
४. पाण्यातून : जलपर्णी, आणि खाडीकाठी तिवर.
५. माणसाच्या हातून : भरावाची माती, कच्चं शेणखत, रोपांच्या पिशव्या. गाजरगवत बहुतेक असंच येतं.

सरपटत येणाऱ्याला चर अडवतो, पण उडत येणाऱ्याला चराचं काय? आणि पाखराला कुंपण कोण घालणार? म्हणून प्रत्येक वाटेला वेगळा उपाय करावा लागतो. जे दिसेल ते वरून विळ्याने कापत सुटलं, तर मेहनत वाया जाते. उलट काही झाडं कापल्याने दुप्पट फुटतात.

हरळी : बांधावर असू द्या, वाफ्यात नको

हरळी दोन पायांनी चालते. एक पाय जमिनीवर, म्हणजे पेरापेराला मुळं टाकत धावणारं खोड. दुसरा जमिनीखाली, म्हणजे पांढऱ्या काशा. काशीचा बोटभर तुकडा जरी ओल्या मातीत राहिला तरी त्याला कोंब येतो. म्हणून ओल्या जमिनीत कुदळीने तुकडे करणं म्हणजे हरळीची लागवड करण्यासारखंच आहे.

हरळी काढायची ती कडक उन्हात, चैत्र-वैशाखात. बांधालगतची तीन-चार हात पट्टी खोल खणा, ढेकळं उलटी टाका आणि आठ-पंधरा दिवस तापू द्या. मग हाताने काशा वेचा. वेचलेल्या काशा उकिरड्यावर टाकू नका. खडकावर किंवा पत्र्यावर करकरीत वाळवा आणि मगच राबाला किंवा चुलीला वापरा.

एवढं केल्यावर चर काढा. बांधाच्या पायथ्यापासून हात-दीड हात सोडून, आपल्या बाजूला, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चर पुरे. पायथ्याला चिकटून चर काढू नका, नाहीतर पहिल्याच झोडप्यात बांध चरात बसेल. पावसात या चरातून जादा पाणीही निघून जाईल. मात्र चर काढून निवांत बसू नका. वरची धावती खोडं चरावरून पूल बांधतात. पंधरा दिवसांनी एकदा विळा घेऊन चराच्या काठाने फेरी मारावी आणि ओलांडू पाहणारे शेंडे छाटावेत. साचलेला गाळ उपसावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बांधावरची हरळी समूळ मारू नका. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. उघडा बांध त्यापुढे टिकत नाही. हरळीच्या मुळ्या माती धरून ठेवतात, गुरांना चारा होतो, आणि गणपतीच्या दूर्वा म्हणजे तरी दुसरं काय? तीच ही हरळी. वैशाखात औषध मारून बांध उघडा केला आणि आषाढात तो वाहून गेला, तर नुकसान कुणाचं? आपल्याला हरळीचा नाश करायचा नाही, तिला तिच्या जागी ठेवायचं आहे.

लव्हाळा : माळेतले मणी

लव्हाळ्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, माळेतल्या मण्यांसारख्या. वरचं पातं खुरप्याने उडवलं की माळ तुटते आणि प्रत्येक मणी स्वतंत्र फुटतो. म्हणून पातं ओढू नका, गाठ खणून काढा. गाठी उन्हात पसरून वाळवल्या की मरतात.

भाजीच्या वाफ्यात लव्हाळा फार असेल तर एप्रिल-मेमध्ये वाफा सपाट करून पाणी द्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं तणांचं बी आणि बऱ्याचशा गाठी निकामी होतात. काळं प्लास्टिक यासाठी तितकं उपयोगी नाही, पारदर्शकच घ्या. खोलवरच्या गाठी यातूनही वाचतात. त्या पावसात फुटल्या की लगेच खणून काढा. दोन-तीन हंगाम नेट धरला तर लव्हाळा आटोक्यात येतो.

वेडेलिया : फार्महाऊसची पिवळी फुलं

हा नवा पाहुणा. जमिनीवर पसरणारं, चकचकीत पानांचं, पिवळ्या फुलांचं झाड. फार्महाऊसच्या फाटकाशी शोभेसाठी लावतात. दिसायला छान, पण प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि सावली असो वा ऊन, ते पसरतच जातं. माळ्याने छाटून बांधावर फेकलेल्या फांद्याही रुजतात. हे तुमच्या नारळ-सुपारीच्या बुडाशी आलं की खालचं काही उगवू देत नाही.

उपाय सोपा आहे, पण आळस नको. माती ओली असताना वेल गुंडाळी करत उपटा, म्हणजे मुळासकट येतो. तुटलेले तुकडे वेचा. उपटलेला ढीग मातीवर न ठेवता खडकावर वाळवा. आणि फार्महाऊसच्या माळ्याला एकच विनंती करा : “छाटणी ओढ्यात किंवा बांधावर टाकू नको बाबा, एका खड्ड्यात टाक.”

बांबू : भिण्यासारखा नाही, पण लक्ष हवं

थंड मुलखातल्या काही बांबूंच्या मुळ्या जमिनीखालून कितीतरी फूट धावतात आणि शेजाऱ्याच्या अंगणात उगवतात. विलायतेत यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद होतात. आपल्याकडचे माणगा, कळक हे बांबू तसे धावणारे नव्हेत. ते बेटाने वाढतात. पण बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूला सरकतं, आणि हद्दीला चिकटून लावलेलं बेट काही वर्षांत तुमच्या वाफ्यात पाय टाकतं. शिवाय त्याची सावली आणि वरच्या थरातल्या मुळ्या पिकाचा ओलावा ओढतात.

बेट आणि वाफा यांच्यामध्ये दोन-अडीच फूट खोल चर काढा. बांबूच्या बहुतेक मुळ्या वरच्या थरातच असतात, त्या चरात येऊन उघड्या पडतात. वर्षातून एकदा कोयत्याने छाटा. चर ठेवणं जमत नसेल तर त्यात जुने पत्रे उभे गाडा. पत्र्याची कड जमिनीवर दोन-तीन इंच राहू द्या.

पावसाळ्यात तुमच्या हद्दीत वास्ते वर आले तर ते कोवळे असतानाच काढा. वास्त्याची भाजी कशी लागते ते तुम्हाला सांगायला नको. पाणी बदलून उकडायला मात्र विसरू नका.

घाणेरी : पाखरांनी पेरलेली

घाणेरीला कुणी टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. आज कर्नाळ्याच्या वाटेला असो की माळावर, ती कुठे नाही असं होत नाही. तिची काळी फळं बुलबुल आवडीने खातात आणि बी तुमच्या आंब्याखाली, कुंपणाखाली टाकतात. पाला गुरांना विषारी आहे. जास्त खाल्ला तर काविळीसारखा आजार होतो, कातडी सोलवटते.

घाणेरी वरून तोडली की बुंध्याला दहा फुटवे येतात. म्हणून बुंध्याभोवती माती उकरा, जमिनीखाली दोन-तीन इंचांवर जाड मूळ सापडेल, ते तिथे तोडा. फुटवे फुटतात ते त्याच्या वरच्या भागातून. काढलेलं झाड उलटं, मुळं वर करून ठेवा. कुंपणाखाली आणि झाडांखाली वर्षातून दोनदा नजर टाका. वीतभर रोप पावसात दोन बोटांनी उपटतं. तेच दोन वर्षांनी पहारीलाही दाद देत नाही.

रानमोडी : दिवाळीआधी गाठा

रानमोडीचं बी म्हाताऱ्यासारखं वाऱ्यावर उडतं. ओसाड शेत, रस्त्याकडची दरड, डोंगरउतार ही तिची घरं. थंडीत फुलते, आणि पुढे बी पिकून उडू लागतं. एकदा बी उडालं की तुमच्या हाती काही राहत नाही. म्हणून हिचा काळ आश्विन-कार्तिक. भातकापणीच्या आगेमागे, जमीन ओली असताना आणि फुलं यायच्या आत ती मुळासकट उपटा. बी नसलेली वाळकी रानमोडी राबाला चालते. बी धरल्यावर मात्र ओढत नेऊ नका, वाटभर पेरणी होईल.

गाजरगवत : हातमोजे घालूनच

यालाच काँग्रेस गवत म्हणतात. अमेरिका खंडातलं हे तण आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. एक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज, पुरळ उठतं, काहींना दमा होतो. उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, तोंडाला फडकं लावा.

फुलं येण्याआधी, पावसात, मुळासकट उपटा. उपटलेलं कोवळं गवत खड्ड्यात कुजवलं तर खत होतं. पानं कुरतडणारा, पांढरट पाठीवर काळ्या रेघांचा छोटा भुंगा त्यावर दिसला तर मारू नका. हा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात याच कामासाठी भारतात सोडला गेला. पावसाळ्यात तो तुमचा बिनपगारी गडी आहे.

आणि सावध राहा ते भरावापासून. पनवेलभोवती बांधकामं सुरू आहेत, मातीचे डंपर रात्रंदिवस फिरतात. फुकट मिळते म्हणून माती घेतलीत, तर तिच्याबरोबर गाजरगवताचं बीही फुकट येतं. माती घ्यायचीच तर वाडीत पसरण्याआधी एका बाजूला ढीग करा, एक-दोन पाऊस जाऊ द्या, उगवेल ते काढा, मग पसरा.

सुबाभूळ : कालचा मित्र

१९७० आणि ८० च्या दशकांत चारा आणि सरपण म्हणून सुबाभळीचा मोठा प्रसार झाला. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने त्यात पुढाकार घेतला होता. झाड उपयोगाचं आहेच. चूक होते ती शेंगा पिकू देण्यात. पिकलेल्या शेंगा फुटल्या की खाली रोपांची नर्सरी तयार! शेजाऱ्याला सांगा : शेंगा हिरव्या असतानाच फांद्या छाट, शेळ्यांना घाल. मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सुबाभूळ घालू नये, ती बाधते.

पाण्यातून येणारं

ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी शोभेसाठी टाकीत जलपर्णी सोडली, की पुराच्या पाण्याबरोबर ती तुमच्या तळ्यात येते. आवक जिथून होते तिथे बांबूची चटई किंवा जाळी आडवी लावा. पहिली चार झाडं दिसली की त्याच दिवशी काढा. पंधरा दिवस थांबलात तर चाळीस माणसं लागतील.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांचा शेजारी तर खुद्द खाडी. खारबांधाला खांड पडली की भरतीचं पाणी भातात शिरतं. त्या पाण्यावर तरंगत तिवराचं बी येतं आणि चिखलात रुजतं. हे जाणून असा की मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडायला राज्यभर बंदी केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. जमीन तुमच्या नावावर असली तरी रुजलेलं तिवर तोडता येत नाही. म्हणजे इथे उपाय झाड आल्यावर नाही, झाड येण्याआधी. उघाडीची झापं नीट बसतात का, बांधाला खेकड्यांची बिळं आहेत का, हे मोठ्या उधाणाआधी पाहा. बीळ बुजवायला टोपलीभर चिखल लागतो. खांड बुजवायला सारा गाव लागतो. सरकारी योजनेतला बांध असेल तर खारभूमी विकास कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. खारवट झालेल्या जमिनीत भाताचं कुठलं वाण घ्यावं हे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात विचारा. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही खारेपणा सोसणारी वाणं तिथलीच.

कुंपण असं घाला, जे स्वतः पसरणार नाही

हद्दीवर काही तरी हवंच. मग वाळा लावा. वाळ्याची मुळं आडवी धावत नाहीत, सरळ खाली खोल जातात. पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन फुटव्यांचे ठोंब चार ते सहा इंचांवर एका ओळीत लावा. दोन वर्षांत दाट भिंत तयार होते. ती माती धरते आणि हरळीच्या धावत्या खोडांनाही अटकाव करते. मागे गिरिपुष्पाचे खुंट लावलेत तर भाताला हिरवळीचं खतही मिळेल.

तणनाशकाविषयी

बाटली आणून मारली की काम झालं, असं वाटतं. पण बांधावर मारलेलं औषध वाऱ्याने शेजाऱ्याच्या वालावर गेलं तर तण राहील बाजूला आणि भरपाई द्यावी लागेल. ग्लायफोसेटच्या वापरावर २०२२ साली केंद्र सरकारने निर्बंध घातले. म्हणून कोणतंही तणनाशक घेण्याआधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या नंबरवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

हद्द आणि शेजारी

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पलीकडचं झाड आपल्याकडे आलं म्हणून कोयता घेऊन पलीकडे जाऊ नका. आपल्या हद्दीत आलेले कोंब, मुळ्या, वेल आपण काढावेत. मोठी फांदी असेल तर आधी शेजाऱ्याच्या कानावर घालावं. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, ऐन, खैर अशी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, तिच्या हद्दीत आलेल्या गावांनी तिथे विचारावं. बांबू मात्र वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला आहे.

हद्दच नक्की नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि खुणा पक्क्या करून घ्या. मोजणीची फी कोर्टाच्या एका तारखेपेक्षा स्वस्त पडते.

शेजारी गावातच असेल तर सावड करा. एक दिवस दोघांनी मिळून तुमच्या बाजूचा बांध, दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूचा. दोन्ही अंगांनी एकाच आठवड्यात साफ झालेला बांध वर्षभर साथ देतो. एकाच अंगाने साफ केला तर महिनाभरही नाही. मालक मुंबईला असेल तर त्याचा नंबर मिळवा, गोडीने सांगा : “साहेब, आश्विनात एकदा तुमच्या प्लॉटवरची रानमोडी आम्ही काढतो, गवत आम्हाला न्यायला द्या.” बहुतेक माणसं हो म्हणतात. त्यांचा प्लॉट साफ होतो, तुमची वाडी वाचते. त्यांचा होकार मात्र लेखी किंवा मोबाईलवर निरोप म्हणून घेऊन ठेवा.

वर्षाचं टिपण

चैत्र-वैशाख : बांधालगत खणणी, काशा व गाठी वेचणं, चर काढणं, प्लास्टिक अंथरणं.
ज्येष्ठ-आषाढ : वाळा, गिरिपुष्प लावणं. घाणेरीची रोपं, वेडेलिया उपटणं.
श्रावण-भाद्रपद : गाजरगवत फुलाआधी काढणं. बांबूचे वास्ते काढणं. चराचे काठ छाटणं.
आश्विन-कार्तिक : रानमोडी उपटणं. वाल पेरण्याआधी बांधाची फेरी.
मार्गशीर्ष ते फाल्गुन : सुबाभळीच्या हिरव्या शेंगा छाटणं, तळ्यावर नजर, उधाणाआधी खारबांध पाहणं.

जाता जाता एक सांगतो. आपोआप उगवलेलं सगळंच वैरी नसतं. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी बांधावरच मिळते. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावायची तर भांबुर्डीचा पाला कुठून आणता? बांधावरूनच ना! तेव्हा कोयता उचलण्याआधी झाड ओळखा, त्याची वाट ओळखा, मग हात घाला. आणि पोपटीचं मडकं उघडाल तेव्हा बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही हाक मारा. चराने गवत अडतं, पण पुढच्या वैशाखात चर खणायला दुसरी कुदळ त्याच्याच घरून यायची आहे.

रामराम!